ऋतू नावाचं खातं

डिसेंबर अर्धा सरला की आमच्या कॉलेजसमोरच्या रस्त्यानं उसाचे ट्रॅक्टर सुरू होतात. त्यांच्यावर गाणी इतक्या मोठ्यानं लावलेली असतात की ग्रंथालयाच्या खिडक्यांची तावदानं थरथरतात आणि वाचनकक्षातली मुलं पुस्तकातून मान वर न काढता पायानं ताल धरतात. नगरची थंडी कोरडी. ओठ फुटतात, जुन्या पुस्तकांचे पुठ्ठे कडेनं वाकतात, आणि दुपारी व्हरांड्यात उभं राहिलं तर उन्हातला हात आणि सावलीतला हात दोन वेगळ्या माणसांचे वाटतात. मी या कॉलेजात ग्रंथपाल आहे. हा महिना माझ्या खिडकीबाहेर दरवर्षी असाच येतो. यंदाही आला.

आमच्या घरी या दिवसांत दोन कामं एकदम निघायची. करंज्या आणि सर्व्हर.

आम्ही ख्रिस्ती. नाताळ जवळ आला की आमच्या गल्लीत घराघरांवर कागदी चांदण्या लागतात, आणि संध्याकाळी तळणाचा वास एका घरातून निघून दुसऱ्यात शिरतो. त्याच दिवसांत कॉलेजला सुट्टी लागते. माझी बायको रूथ याच कॉलेजात संगणक विभागात शिकवायची. विभागातला तो मोठा कॉम्प्युटर, सगळ्यांचा मिळून एक, तिच्या ताब्यात होता. काचेच्या खोलीत तो रात्रंदिवस घुमत असायचा. शिक्षक, विद्यार्थी, परीक्षा विभाग, माझं ग्रंथालय, सगळे आपापल्या जागेवरून त्याच्यावरच काम करायचे, त्यामुळे एरवी त्याला बंद ठेवायची सोय नव्हती. "सगळे सुट्टीवर गेले की तो मला एकटा सापडतो," रूथ म्हणायची. मग घरात पीठ भिजवून, सारण डब्यात भरून, ती पदराला हात पुसत दारात उभी राहायची. "अहो, चला. करंज्या संध्याकाळी लाटू. आधी त्याचं बघून येऊ."

माझं तिथे काही काम नसायचं. तरी मी जायचो.

त्या कॉम्प्युटरवर आवृत्त्या सांभाळणारं एक सॉफ्टवेअर होतं. कुणीही आपल्या प्रोग्रॅममध्ये बदल केला की तो त्यात जमा करायचा. कुणी केला, कधी केला, कुठली ओळ काढली, कुठली घातली, हे ते सॉफ्टवेअर आपणहून टिपून ठेवायचं. बदल का केला, तेवढं मात्र माणसानं स्वतः एका ओळीत लिहायचं. लग्नानंतर पहिल्यांदा रूथनं मला हे समजावलं तेव्हा ती म्हणाली होती, "तुमच्याकडे पुस्तकाची नवी आवृत्ती आली की जुनी मागच्या खोलीत जाते. इथं जुनी कुठं जातच नाही. ती नवीच्या पोटात असते." मला ते फार आवडलं होतं. ग्रंथपालाला हरवू न शकणाऱ्या गोष्टीचं नाही म्हटलं तरी अप्रूप असतं.

'का' लिहिण्याबद्दल ती फार कडक होती. मुलांना मराठीत लिहायची मुभा होती, पण रिकामं सोडायची नव्हती. मुलं ती मुलंच. त्यातून पळवाटा काढायची.

मला आठवतो तो डिसेंबर, जेव्हा त्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती टाकायची होती. इतक्या वर्षांचा सगळा साठा एकदा बाहेर काढायचा, नवी आवृत्ती बसवायची आणि मग तो साठा पुन्हा आत भरायचा, असं ते काम होतं. मधल्या वेळात कुणी काही जमा केलं तर ते अधांतरी राहणार. म्हणून प्रयोगशाळेचे मदतनीस बबनराव यांनी सकाळीच काचेच्या दारावर पाटी लावली होती, 'आत काम चालू आहे, कृपया संगणकास हात लावू नये'. बबनराव पारनेरकडचे. पाटीवर त्यांचा विश्वास नसायचा, म्हणून पाटीशेजारी स्टूल टाकून ते स्वतःही बसले होते. तरी एक प्राध्यापक आलेच.

"मॅडम, दोनच मिनिटं. एवढे मार्क भरतो आणि जातो."

"सर, घर रंगवायला काढलंय," रूथ मान न वळवता म्हणाली. "आज पाहुणे नकोत."

"मी म्हनलं हुतं त्यांना," बबनराव दारातून ओरडले. "पाटी पन वाचून दावली!"

बाहेर थंडी आणि त्या खोलीत त्याहून जास्त थंडी. रूथनं तिचा निळा स्वेटर कोपरापर्यंत वर सरकवला होता. टंकताना बाह्या मध्ये आल्या की तिला चालत नसे. साठा भरायला वेळ लागणार होता. आम्ही बाहेर पायरीवर उन्हात जाऊन बसलो. बबनरावांनी शेतातून हरभऱ्याचे डहाळे आणले होते. घाटे सोलून खाताना बोटांना आंबट चिकटपणा लागतो. ती बोटं चाटून तशीच आत जायला निघाली, तेव्हा मी तिला हात धुवायला लावले. आत जाऊन पडद्यावर पाहतो तो सगळी मराठी नाहीशी झालेली. जिथे जिथे मुलांनी मराठीत काही लिहिलं होतं, तिथे नुसती प्रश्नचिन्हं उभी होती. ओळीच्या ओळी, पानंच्या पानं.

मी पडद्याजवळ वाकून एखादं अक्षर उरलंय का ते शोधू लागलो. रूथ मात्र खुर्चीत मागे रेलली आणि हसायला लागली. "बघा! इतकी वर्षं मी त्यांना 'का, का' म्हणून छळलं. आज सगळे मिळून मला विचारताहेत."

साठा बाहेर काढताना मराठी अक्षरांचं एक सेटिंग राहून गेलं होतं. तिनं सगळं पुसलं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. दुसऱ्यांदा भरून झालं तेव्हा काना-मात्रा जागेवर आल्यात का, ते तपासायचं काम मला मिळालं. ती म्हणाली, "तुम्ही वाचा. वेलांटी तुमच्या नजरेतून सुटत नाही." मी वाचत गेलो. कुणीतरी लिहिलं होतं, 'झालं'. खाली त्यानंच, 'आता झालं'. त्याच्या खाली, 'आईशप्पथ झालं'.

"हा सागर," रूथ म्हणाली. सागर तेव्हा शेवटच्या वर्षाला होता.

मधूनमधून तिच्या स्वतःच्या नोंदी यायच्या. 'पावती कडेला कापली जात होती, समास वाढवला.' 'काल घाईत केलं होतं, आज नीट केलं.' पण त्यांच्यापुढे नाव रूथ नव्हतं, ऋतू होतं. ती नोकरीला लागली तेव्हा तिचं खातं बबनरावांनी उघडलं होतं. फोनवर तिनं सांगितलं रूथ, त्यांना ऐकू आलं ऋतू, आणि त्यांनी इंग्रजी अक्षरांत तेच टाकलं. चूक लक्षात येईपर्यंत त्या नावावर नोंदी पडल्या होत्या, मग तिनं तसंच राहू दिलं. घरी मी तिला कधीतरी ऋतू म्हणायचो. बहुतेक चहा हवा असला की. "ऋतू बदलला वाटतं," ती आतून म्हणायची, आणि चहा यायचा नाही.

तिला जाऊन दोन पावसाळे झाले.

यंदा नाताळच्या सुट्टीआधी सागर ग्रंथालयात आला. तिचा विद्यार्थी, आता तिच्याच खुर्चीवर बसतो. माझ्यासमोर अजून अवघडून बसतो. त्यानं टेबलावरचं पुस्तक उचललं, उलटं ठेवलं, पुन्हा सुलटं केलं.

"सर, ते जुनं सॉफ्टवेअर आता काढायचंय. जुनं झालं फार. आजकाल मुलं जे वापरतात, ते टाकतोय."

"बरं."

"दोन पर्याय आहेत. आज जे काही आहे तेवढंच उचलून नवीनमध्ये ठेवायचं. सोपं काम. मागचं सगळं मग गेलं. नाहीतर पहिल्या दिवसापासूनचं सगळं न्यायचं." तो जरा थांबला. "मी सगळं नेतोय. मॅडमनी एवढं जपलेलं. पण नवीनमध्ये खात्याचं नाव चालत नाही, सर. प्रत्येक खात्यापुढे माणसाचं खरं नाव आणि ईमेल लिहून द्यावा लागतो. बाकी सगळे झाले. एकच राहिलंय. तुम्ही जरा येता का?"

त्या काचेच्या खोलीत मी दोन वर्षांनी पाऊल ठेवलं. खोली तशीच गार होती. पडद्यावर डावीकडे जुनी खाती आणि उजवीकडे नावं होती. rutu या अक्षरांसमोर सागरनं लिहिलं होतं, 'कै. रूथ मॅडम'.

मी ते दोनदा वाचलं. बोलले ते बबनराव. ते आता निवृत्तीला आलेत, चष्मा लागलाय, पण स्टूल तेच आहे.

"सागर सर, म्या कवाचं सांगतोय. मॅडम कैलासाला कशा जातील? त्या चर्चला जायच्या."

सागरचे कान लाल झाले. "मामा, तसं नसतं. सगळ्यांनाच लिहितात ते."

"सगळ्यांना कसं? ह्यांच्यात येगळं अस्तंय. ख्रिस्तवासी. व्हय ना, सर?"

"असतं," मी म्हणालो.

"पण ते एवढं लांबलचक..." सागर.

"मग स्वर्गीय लिवा. स्वर्गाला कुनाची हरकत न्हाई."

मला हसू आलं. त्या खोलीत, तिच्या खुर्चीसमोर. हसता हसता माझे डोळे भरून आले, आणि दोघंही कैलास, स्वर्ग सगळं विसरून माझ्यासाठी पाणी शोधायला लागले.

पाणी पिऊन झाल्यावर सागर हळूच म्हणाला, "सर, म्हणूनच तुम्हाला बोलावलं. नवीनमध्ये नाव एकदा लिहिलं की ते प्रत्येक नोंदीत मुरतं. नंतर वरून चिठ्ठी चिकटवता येते, पण आतलं बदलायला गेलं तर तिथून पुढची सगळी साखळी बदलते. मी काही चुकीचं लिहून बसलो तर मॅडम कायमच्या तशाच राहतील."

मी त्याच्याकडे एक दिवस मागितला.

कै. हे किती लहान अक्षर आहे. एक व्यंजन, दोन मात्रा, एक टिंब. ग्रंथालयात मी ते शेकडो वेळा लिहिलंय. कुणाच्या स्मरणार्थ पुस्तकं आली की पहिल्या पानावर शिक्का मारून मीच लिहितो, कै. अमुक. आदराचं अक्षर आहे ते, त्याच्याशी माझं भांडण नाही. पण त्याची एक खोड आहे. ते नावाला चिकटलं की फक्त पुढे जात नाही, मागेही जातं. कै. अमुक यांचा जन्म अमक्या गावी झाला, असं आपण सहज लिहितो. जन्मलेलं ते बाळ पाळण्यातच कैलासवासी होऊन बसतं. कै. अमुक शाळेत पहिले आले. कै. अमुक यांना पोहण्याची आवड होती. माणूस बिचारा ओल्या अंगानं विहिरीच्या काठावर उभा आहे आणि आपण त्याच्या नावात आधीच शेवट लिहून ठेवलाय.

त्या दुपारी मी मनातल्या मनात वाचून पाहिलं. कै. रूथ: पावती कडेला कापली जात होती, समास वाढवला. कै. रूथ: काल घाईत केलं होतं, आज नीट केलं.

आणि माझ्या लक्षात आलं, की या दोन वर्षांत मी दुसरं काय केलंय? तिचा कुठलाही दिवस आठवला की मी त्याच्यापुढे तेच अक्षर लावतो. ती पायरीवर बसून हरभरा सोलतेय, आणि मला मात्र तिच्या त्याच हाताला पुढे लागलेली सलाईनची सुई दिसते. ती खुर्चीत मागे रेलून हसतेय, आणि मला हिशेब करावासा वाटतो, तेव्हा आजार सुरू झाला असेल का. तो दिवस तिचा होता. त्यात दवाखाना नव्हता, औषधांचा वास नव्हता, तिला काहीसुद्धा ठाऊक नव्हतं. तिला भूक लागली होती, थंडी वाजत होती आणि संध्याकाळी करंज्या करायच्या होत्या. तिचे सगळे दिवस असेच असताना मी मात्र शेवटच्या दिवसांतली काजळी उचलून एकेका दिवसाला फासत बसलो होतो. कबरीवरच्या दगडाला दोनच तारखा मावतात, त्यामुळे दगडाला मी दोष देत नाही. पण इथे प्रत्येक नोंदीला तिची स्वतःची तारीख होती. त्या तारखेला रूथ होती.

दुसऱ्या दिवशी मी सागरला म्हणालो, "नुसतं नाव लिही. नाव आणि आडनाव. पुढे काही नको."

"पण सर, वाचणाऱ्याला कळणार कसं, की मॅडम आता..."

"त्या दिवशी ती होती ना?"

सागर पडद्याकडे बघत राहिला. "होत्या की," तो म्हणाला. "होत्या. मला ओरडत होत्या."

त्यानं कै. पुसलं. मग माझं लक्ष खालच्या ओळीकडे गेलं. स्वतःच्या जुन्या खात्यासमोर त्यानं लिहिलं होतं, 'प्रा. सागर'.

"आईशप्पथ झालं, असं लिहिलंस तेव्हा तू प्राध्यापक होतास?"

बबनराव स्टुलावर हलले. "काडा, काडा! सगळ्यांचं काडा! तवा कुनीच काय नव्हतं."

त्यानं लाजत तेही पुसलं. मग प्रश्न आला ईमेलचा. तिचा कॉलेजचा पत्ता केव्हाच बंद झाला होता. सागर म्हणाला, खोटा असला तरी चालतो, दिसायला पत्त्यासारखा असला म्हणजे झालं. मी म्हणालो, "माझा घाल."

"आणि हे ऋतू?" मी विचारलं.

"ते खात्याचं नाव नवीनमध्ये येत नाही, सर. ते इथंच संपेल."

"मीच केल्तं ते," बबनराव म्हणाले. चष्मा काढून त्यांनी सदऱ्याला पुसला. "मॅडम कधी रागावल्या न्हाईत त्याच्यावरून."

"मग ते नाव मी घरी नेतो," मी म्हणालो.

"न्या की. तुमचंच हाय."

सागरनं काम सुरू केलं आणि पडद्यावरून नोंदी वर सरकू लागल्या. त्यात कुठे कुठे रूथ जात होती, मुलांच्या मधून, घाईच्या, आळसाच्या, चुकांच्या मधून, वर्गात बाकांच्या रांगांतून चालत जायची तशी. मराठी शाबूत होती. मी सवयीनं वेलांट्या बघत होतो. पुष्कळ दिवसांनी तिला असं नुसतं बघितलं, पुढचं काही न आठवता. यंदा करंज्या शेजारच्या घरून आल्या. सारणात वेलची जास्त पडली होती. रूथनं तोंड वाकडं केलं असतं, असं मनात आलं, आणि ते वाकडं केलेलं तोंड तेवढंच दिसलं.

फेब्रुवारीत उन्हं चढली. एका सकाळी ग्रंथालयात बसून टपाल बघताना माझ्या पत्त्यावर एक ईमेल आला. सुरुवात होती, 'आदरणीय रूथ मॅडम'.

मी तो बंद केला. उठून खिडकी उघडली, पुन्हा बसलो, पुन्हा उघडला.

लिहिणारी कोमल नावाची मुलगी होती, दुसऱ्या वर्षाची. सागरनं त्यांच्या वर्गाला ग्रंथालयाचा प्रोग्रॅम सुधारायला दिला होता. तिनं लिहिलं होतं, 'मॅडम, तुमच्या नावावर एक बदल आहे. फेब्रुवारी महिन्यात पुस्तक परत करण्याची मुदत आपोआप वाढते. कारणात फक्त ज्वारी असं लिहिलं आहे. मी या नावाचं सॉफ्टवेअर पॅकेज नेटवर शोधलं, पण सापडलं नाही. ते आता बंद झालं आहे का? नसेल लागत तर ही ओळ काढू का? तुम्ही कुठे भेटाल?'

मी तिला दुपारी बोलावून घेतलं. बारीक चणीची, पाठीवर मोठी सॅक. खर्डा गावाच्या बाजूची, हे ती बोलायला लागल्यावर कळलं. तिनं टेबलाच्या मागे, कपाटाच्या कडेला नजर टाकली.

"मॅडम कुठं बसत्यात, सर?"

"बस आधी," मी म्हणालो. "मॅडम नाहीत आता. दोन वर्षं झाली."

ती बसता बसता उभी राहिली. "पण सर, तिथं तर काहीच लिवलेलं न्हाई."

"नाही लिहिलं."

"मला वाटलं, हायेत. मी त्यांना डायरेक्ट प्रश्नच इचारले."

"बरं केलंस. ज्वारी हे पॅकेज नाही गं. ज्वारी म्हणजे ज्वारी."

"आपली?"

"आपली. तेव्हा वसतिगृहातली निम्मी मुलं या दिवसांत काढणीला घरी जायची. पुस्तकं इथे खोलीत, मुलं तिकडे शेतात. परत आली की तळहाताला फोड आणि वर माझा दंड. मॅडम म्हणाल्या, दंडाचं मला माहीत नाही, मी मुदतच वाढवते."

कोमलनं तोंडावर हात धरला, पण हसू बाहेर आलंच. "अन् मी नेटवर हुडकतेय!" मग ती गंभीर झाली. "पण सर, आता ज्वारीला लई जन जात न्हाईत. आमच्याकडं सगळा कांदाच. उन्हाळी कांदा मार्च-एप्रिलला निघतो. तवा हॉस्टेल पार रिकामं असतंय. मी पन जाते."

"मग?"

"मग ओळ काढू का ठेवू?"

"तुला काय वाटतं?"

तिनं सॅकमधून लॅपटॉप काढला आणि माझ्याच टेबलावर उघडला. बराच वेळ टंकत होती. मध्येच एकदा विचारलं, "कारन लिवायलाच पायजे का, सर?" मी म्हणालो, लिहायलाच पाहिजे. ती पेनाचं टोपण चावत बसली, मग एक ओळ लिहून तिनं पडदा माझ्याकडे वळवला. वर रूथचं नाव आणि पुढे तो एकच शब्द. खाली कोमलचं नाव, आणि पुढे लिहिलं होतं, 'ज्वारी तशीच ठेवली. मार्च-एप्रिलला कांदा वाढवला.'

मी वेलांट्या पाहिल्या. सगळ्या जागेवर होत्या.

जमा करायच्या आधी तिचं बोट तसंच अडलं. तिनं माझ्याकडे पाहिलं.

"मॅडमना चालंल ना, सर?"

"चालेल," मी म्हणालो.